काळाची चाळणी कुणाच्या हाती?

आपल्या वाङ्मयविचारात एक वचन इतके रूढ झाले आहे, की त्याची उलटतपासणी घ्यावी असे कुणाच्या मनातही येत नाही. काळ हाच खरा टीकाकार. सकस असेल ते टिकते, निकस असेल ते गळून जाते, हे ते वचन. व्यासपीठावर ते फार शोभून दिसते. परंतु जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत विस्मृत कादंबरीकारांना हुडकत बरीच वर्षे हिंडल्यावर माझे मत असे झाले आहे, की हे वचन म्हणजे आपल्या आळसाला आपण दिलेले भारदस्त नाव होय.

काळ पुस्तके वाचीत नाही. वाचतात ती माणसे. आणि पुस्तके राखतात वा बुडवतात तीही माणसेच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर उकिडवे बसून एखादी जुनी मराठी कादंबरी उघडून पाहा. पुष्कळदा तिच्यावर कुठल्यातरी ग्रंथालयाचा शिक्का असतो आणि त्यावर आडवा ‘बाद’ असा दुसरा शिक्का. कपाटे अपुरी पडतात, नव्या खरेदीला जागा हवी असते. मग ज्या पुस्तकाला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही त्याचे ‘निर्लेखन’ होते आणि ते किलोच्या भावाने रद्दीत जाते. यादी करणाऱ्याने ते वाचलेले नसते. यादीवर सही करणाऱ्यानेही नसते. काळाचा न्याय म्हणतात तो हा! शेजारच्या गावातल्या ग्रंथालयात तरी त्याची प्रत उरली आहे काय, एवढेदेखील कुणी विचारीत नाही.

आता या चाळणीतून कोण गळाले ते पाहावे. गीता साने यांनी १९३६ पासूनच्या सहा-सात वर्षांत एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. ‘निखळलेली हिरकणी’ आणि ‘वठलेला वृक्ष’ या त्यांपैकीच. लग्नसंस्थेत स्त्रीचे काय होते, हा प्रश्न त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता विचारला. त्याच दशकातले फडके-खांडेकर आजही दुकानांत मिळतात. गीताबाईंसाठी मात्र मला पदपथ धुंडाळावे लागले. दुसरे नाव मुकुंदराव पाटलांचे. ‘दीनमित्र’सारखे सत्यशोधकी पत्र खेड्यातून चालवणाऱ्या या गृहस्थाने ‘होळीची पोळी’, ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ अशा कादंबऱ्या लिहून भटशाहीची यथेच्छ टिंगल केली. एक बाई, एक खेड्यातला सत्यशोधक! काळाला पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा समीक्षकाचीच अभिरुची असावी, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, की तुमच्या ढिगाऱ्यात रत्ने किती आणि खडे किती? मी प्रामाणिकपणे सांगतो, खडेच अधिक. दहा कादंबऱ्या आणाव्यात तेव्हा त्यांतली एखादी रात्र जागवते. पण उरलेल्या नऊ टाकाऊ आहेत हे मी त्या वाचून ठरवले आहे. आणि तुम्ही दहाच्या दहा न वाचताच निकालात काढल्या आहेत. माझा झगडा निकालाशी नाही, सुनावणीवाचून दिलेल्या निकालाशी आहे.

आणि सुनावणीची सोय नाही असेही नव्हे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० ची १९६१ मध्ये सिद्ध करून ठेवली. एका माणसाने एवढे करून ठेवल्यावर विद्यापीठांच्या मराठी विभागांनी काय केले? पदवीच्या अभ्यासक्रमात तीच ती दहा-पंधरा नावे फिरवली, आणि एका इतिहासावरून दुसरा इतिहास उतरवून घेतला. प्रकाशक म्हणतो मागणी नाही. अध्यापक म्हणतो पुस्तक मिळत नाही. ग्रंथपाल म्हणतो कुणी नेत नाही. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तेवढ्यात रद्दीवाल्याचा काटा खाली जातो.

त्यात कायद्याची भर. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. गीताबाई १९९१ मध्ये वारल्या. म्हणजे २०५१ संपेपर्यंत वारसांच्या संमतीवाचून त्यांची कादंबरी कुणाला छापता येणार नाही. तोपर्यंत पिवळा, ठिसूळ झालेला तो कागद वाट पाहणार आहे काय?

माझे मागणे फार मोठे नाही. कोणत्याही ग्रंथालयाने १९५० पूर्वीचे मराठी पुस्तक बाद करण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत कुठे आहे हे लेखी नोंदवावे, आणि ती सापडली नाही तर हातातली प्रत राखावी. मराठी विभागांनी दरसाल एक विस्मृत कादंबरी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि त्यांना निर्भयपणे नापसंत करू द्यावी. एवढे झाल्यावर जे गळेल ते खुशाल गळो. मी त्याचे श्राद्धही घालणार नाही. पण तोवर कृपा करून काळाला बोल लावू नका. चाळणी आपल्या हातात आहे, आणि तिची भोके आपणच पाडली आहेत.