राजीनाम्याचा कागद

बीबीहून (ता. लोणार, जि. बुलढाणा) एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात भांडार विभागात अकरा वर्षे नोकरीस आहे. कारखान्याने हा विभाग बाहेरच्या कंपनीकडे सोपविण्याचे ठरविले असून विभागातील सर्वांना सांगण्यात आले आहे, ‘राजीनामा लिहून द्या, पहिल्या तारखेपासून तेच काम, तोच पगार, फक्त ओळखपत्र नव्या कंपनीचे.’ भगिनी विचारतात, पगार तोच राहणार असेल तर सही करण्यात धोका काय?

धोका त्या ‘फक्त’मध्ये आहे. राजीनामा म्हणजे ‘मी स्वेच्छेने नोकरी सोडली’ अशी लेखी कबुली. ती एकदा दिली की अकरा वर्षांचा हिशेब तिथेच मिटतो आणि नव्या कंपनीच्या दप्तरी आपण पहिल्या दिवसाचे उमेदवार ठरतो. सहा महिन्यांनी नव्या कंपनीने कामावरून कमी केले, तर कपातीची भरपाई मागण्यासाठी लागणारे एक वर्षही भरलेले नसते.

वस्तुतः मालकाला आपला नोकर दुसऱ्याच्या हवाली परस्पर करता येत नाही. आपल्या विदर्भातील कामठीच्या पोरवाल विडी कारखान्याचा एक खटला १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने त्यात मूलभूत तत्त्व सांगितले : नोकरीचा करार व्यक्तिगत सेवेचा असल्याने एका मालकाकडून दुसऱ्याकडे तो जावयाचा असेल, तर जुना मालक, नवा मालक आणि नोकर अशा तिघांची संमती हवी. नोकर काही काळ दुसऱ्याच्या कामावर धाडता येतो. पण तेवढ्याने त्याचा धनी बदलत नाही. गाय विकावी तसा माणूस विकता येत नाही, एवढाच याचा साधा अर्थ.

आता कायद्याकडे वळू. संपूर्ण उद्योगच दुसऱ्याच्या मालकीचा झाला, तर औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधील कलम २५ एफएफ लागू होत असे. सेवा अखंड धरली, अटी पूर्वीपेक्षा कमी केल्या नाहीत आणि पुढे कपात झाल्यास जुन्या वर्षांसह भरपाई देण्याचे दायित्व नव्या मालकाने घेतले, तर वेगळी भरपाई नाही. अन्यथा कपातीप्रमाणे नोटीस व भरपाई. उद्योग जुन्याच मालकाकडे राहून केवळ एका विभागाचे काम बाहेर दिले आणि माणसे कमी केली, तर ती सरळ कपातच होय : एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास १५ दिवसांचे वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली असली, तरी हे दोन्ही नियम तिच्यात कायम आहेत. हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीचा आधार म्हणजे तिचे नियुक्तिपत्र.

भगिनींच्या मुलाचे गणित मांडून पाहू. अकरा वर्षांचे प्रत्येकी १५ दिवस म्हणजे १६५ दिवसांचे, साधारण साडेपाच महिन्यांचे वेतन. राजीनामा दिला की ही रक्कम गेली. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, पाच वर्षे भरल्यामुळे राजीनाम्यानंतरही मिळते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून अठरा हजार असेल, तर ती सुमारे १ लाख १४ हजार रुपये होते. मात्र नव्या कंपनीत तिची वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातील. म्हणून सही करावयाचीच असेल, तर राजीनाम्यावर नव्हे, त्रिपक्षीय पत्रावर करावी आणि त्यात ‘मूळ रुजू तारखेपासून सेवा अखंड धरली जाईल’ हे वाक्य असावे. तोंडी आश्वासनाला कामगार न्यायालयात किंमत फार थोडी.

नव्या कंपनीमार्फत कंत्राटी म्हणून काम करू लागल्यावर जुन्या मालकाशी नाते संपूर्ण तुटते, हाही गैरसमज आहे. कंत्राटदाराने पगार थकविला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. पण थेट नोकरीत सामावून घेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला होता. पाच सदस्यांच्या घटनापीठाने ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात तो फिरविला. एक दार तेवढे उघडे राहिले : कंत्राट हा निव्वळ देखावा आहे असे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचाच.

त्या दारातून मुंबईचे २,७०० सफाई कामगार आत गेले. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या या लोकांना पालिका आपले कामगार मानीत नव्हती; ‘हैदराबाद पद्धती’च्या नावाखाली ते संस्थांचे स्वयंसेवक असल्याचे सांगितले जाई. पहाटे कचऱ्याच्या गाडीमागे धावणारा माणूस स्वयंसेवक! कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याचा निर्णय टिकला. एवढे जिंकूनही शेकडो जण पुढे अडकले, कारण यादीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत तफावत होती. कोठे आडनाव चुकलेले, कोठे वडिलांचे नाव गाळलेले.

शासनही या वाटेने चालून पाहिले. ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्था नेमल्या गेल्या. राज्यभर संताप उसळल्यावर २० ऑक्टोबरला तो रद्द करीत असल्याचे जाहीर झाले. तरीही रुग्णालयातील सफाई, कार्यालयातील संगणकचालक, वाहनचालक अशी कितीतरी कामे आजही अशाच यंत्रणांकडे आहेत.

आपल्या वाचकांत नोकरदार आहेत तसे कारखानदार, दुकानदार आणि शाळा-रुग्णालयांचे विश्वस्तही आहेत. त्यांना वेगळे सांगावयाचे ते असे, की पहारेकरी व सफाईवाला ‘एजन्सीचा’ म्हटल्याने आपली सुटका होत नाही. एजन्सीचे देयक मंजूर करताना मागील महिन्याचे वेतनपत्रक आणि निधी भरल्याचे चलन मागून घ्यावे. सर्वांत कमी दराची निविदा पुष्कळदा कामगाराच्या निधीतून कापलेली असते. हे मला तरी व्यापार वाटत नाही.

बीबीच्या भगिनींनी मुलाला एवढे कळवावे : राजीनामा न लिहिता व्यवस्थापनाकडे लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. दबाव आला, तर सहकाऱ्यांसह सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लगेच अर्ज द्यावा. एकट्याने जाण्यापेक्षा आठ जणांनी जावे. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, जुने ओळखपत्र यांच्या प्रती घरी असाव्यात. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक तोच ठेवावा, नवा काढू देऊ नये. आणि त्या खात्यावरील नाव आधारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे याच आठवड्यात पाहावे.