आकडा दिसला म्हणजे जाडी मोजली का?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. तेथील भूजल खारे. खाऱ्या पाण्याने लोखंड लवकर गंजते, हे तुम्ही जाणताच. पाण्याचा नळ बाहेरून रंगवलेला, धडधाकट दिसतो. पण आतून तो किती झिजला आहे हे कसे कळावे? कापून पाहावा, तर नळच कामातून जातो!

येथे श्राव्यातीत ध्वनी मदतीला येतो. हातात मावणाऱ्या जाडीमापकाचा शोधक नळावर बाहेरून टेकवतात. मध्ये हवा राहू नये म्हणून ग्रीस किंवा जेल लावतात; कारण हवेच्या पातळ थरावरूनही हा ध्वनी जवळजवळ सगळा मागे फिरतो. धातूत शिरलेला ध्वनी आतल्या पृष्ठभागावर आपटून परततो. विहिरीत हाक मारल्यावर येणाऱ्या प्रतिध्वनीसारखेच हे आहे. रेल्वेच्या रुळांतील छुप्या भेगाही याच तत्त्वावर शोधतात.

आता नीट लक्ष द्या. हे उपकरण प्रत्यक्षात मोजते तो फक्त वेळ. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. ६ मिलिमीटर जाडीत जाऊन-येऊन १२ मिलिमीटर अंतर होते. त्याला सुमारे २ मायक्रोसेकंद लागतात. वेळेला वेगाने गुणून निम्मे केले की जाडी मिळते. हा वेग मात्र माणसाने ठरवून द्यायचा असतो!

समजा, नळ बिडाचा आहे. बिडात ध्वनीचा वेग कमी, उदाहरणार्थ ४,६०० मीटर. उपकरणात पोलादाचाच वेग राहिला, तर ६ मिलिमीटरची जाडी पडद्यावर ७.७ दिसेल. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूची!

"उपकरण महागाचे आहे, कारखान्यातून तपासून आले आहे," असे यावर सांगितले जाते. ते मला पटत नाही. तुमचा नळ कशाचा आहे, हे कारखान्याला कोठून ठाऊक असणार? म्हणून माझे मत स्पष्ट आहे. त्याच धातूच्या, व्हर्निअर कॅलिपरने मोजलेल्या तुकड्यावर उपकरण आधी पारखून घ्यावे. त्याशिवाय एकही आकडा नोंदवहीत चढवू नये. शिवाय मोजलेल्या जागी खूण करून पुढच्या वर्षी तेथेच पुन्हा मोजावे. गंज किती वेगाने चढतो आहे, हे दोन नोंदी ताडून पाहिल्यावरच कळते.

प्रयोगशाळेतील व्हर्निअर तुम्हाला जुनाट वाटतो ना? या नव्या उपकरणाचा पारखी तोच आहे. पुढे कोणतेही उपकरण हाती आले, की पहिला प्रश्न विचारा: हे खरोखर काय मोजते, आणि काय गृहीत धरते?