सेवाभावाची मर्यादा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे मंजूर केली आणि ती गाठण्यासाठी २०३० ही मुदत घातली. तेव्हापासून रोटरी, लायन्स इत्यादी सेवासंस्थांच्या फलकांवर या उद्दिष्टांची रंगीत चौकोनी चिन्हे झळकू लागली आहेत. मोतीबिंदूचे शिबिर भरविले की ते तिसऱ्या उद्दिष्टात, शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले की सहाव्यात आणि डोंगरउतारावर रोपे लावली की पंधराव्यात, असा हिशेब मांडला जातो. शिराळ्यासारख्या डोंगरी तालुक्यात अशा उपक्रमांचे स्वागत व्हावे हे योग्यच आहे. ज्या म्हातारीला शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सुईत दोरा ओवता येऊ लागतो, तिच्यापुढे भांडवलशाहीच्या अंतर्विरोधांचे विवेचन करण्यात काही अर्थ नसतो.

धनिकांचा फावल्या वेळचा विरंगुळा, अशी या क्लबांची संभावना करण्याची समाजवादी कार्यकर्त्यांत जुनी सवय आहे. ती सोडणे बरे. रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा तो वेडेपणाच वाटत होता. २००९ सालीदेखील जगातील एकूण १६०४ पोलिओरुग्णांपैकी ७४१ एकट्या भारतात होते. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, जानेवारी २०११ मध्ये, देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशात रोटरीचा वाटा नाकारणे हा कोतेपणा ठरेल.

मात्र तो वाटा कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. क्लबांनी पैसा दिला, प्रचार केला, सरकारांच्या मागे चिकाटीने लकडा लावला. लस मात्र सरकारने दिली. ती फुकट दिली आणि जात, धर्म वा उत्पन्न न विचारता प्रत्येक बालकाला दिली. घरोघर जाऊन ते दोन थेंब पाजले परिचारिकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि आशा कार्यकर्त्यांनी. म्हणजे ऐच्छिक सेवा फळाला आली ती सार्वजनिक यंत्रणेच्या आधाराने. त्याच सेविका आज वाढीव मानधनासाठी मोर्चे काढतात, तेव्हा तो प्रश्न कोणत्या चौकोनात बसवायचा हे क्लबांना सुचत नाही. वास्तविक प्रतिष्ठेच्या रोजगाराचे आठवे उद्दिष्ट त्यासाठीच आहे.

या संस्थांच्या घडणीतच एक अडचण आहे. त्यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते व ३० जूनला संपते. अध्यक्षही दर वर्षी नवा येतो. नव्या अध्यक्षाला आपल्या कारकिर्दीची खूण हवी असते, जुलैत पाऊसही असतो, त्यामुळे वृक्षारोपणाचा मुहूर्त उत्तम साधतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्या रोपांना पाणी घालण्याचे काम मात्र छायाचित्रात येण्याजोगे नसते, आणि तोपर्यंत अध्यक्षांना निरोप समारंभाचे वेध लागलेले असतात. शाश्वत विकास बारा महिन्यांच्या हप्त्यांत बसवावा लागतो तो असा.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. रोटरीने आपल्या कार्याची सात क्षेत्रे ठरविली आहेत. शांतता, रोगनिवारण, पाणी व स्वच्छता, माता-बालकांचे आरोग्य, शिक्षण व साक्षरता, स्थानिक अर्थव्यवस्था ही त्यांतील आधीची सहा. पर्यावरणाची भर अलीकडे पडली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीतील दहावे उद्दिष्ट विषमता कमी करण्याचे आहे. त्या नावाचे क्षेत्र या सातांत नाही. यात कोणाचे कपट नाही. देता येते ते द्यावे, हा दानाचा स्वभाव आहे. आणि विषमता कमी करणे ही देण्याची नव्हे, सोडण्याची गोष्ट आहे.

शिराळा तालुक्याचे प्रश्न नेमके याच जातीचे आहेत. वारणेवरील चांदोलीचे धरण या तालुक्यात उभे राहिले. त्याची साठवण ३४.४० अब्ज घनफूट आहे. पश्चिमेच्या डोंगरात पाऊस धो-धो कोसळतो आणि त्याच तालुक्याच्या उत्तर भागातील वाड्यावस्त्या उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतात. वारणेचे पाणी उचलून शिराळा, वाळवा व कराड तालुक्यांना देणारी वाकुर्डे बुद्रुक उपसा सिंचन योजना दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळत राहिली. पाणी कोणाच्या शेतात, किती आणि कोणत्या पिकाला, हा वाटपाचा प्रश्न आहे. शाळेच्या व्हरांड्यात बसविलेल्या गाळणयंत्राने तो सुटत नाही.

जंगलाचीही गोष्ट तीच. १९३० च्या जंगल सत्याग्रहात याच तालुक्यातील बिळाशीने परकीय सरकारशी झुंज घेतली, ती जंगलावरील रयतेच्या हक्कासाठी. पुढे स्वराज्यात, १९८५ साली, चांदोली अभयारण्य जाहीर झाले. २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत. पंधराव्या उद्दिष्टाच्या दृष्टीने हे भूषणच होय. परंतु त्यासाठी जी गावे उठली, त्यांतील माणसे सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांतील वसाहतींत जमिनीसाठी व नागरी सोयींसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिली. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील श्रमिक मुक्ती दलाने त्यासाठी कित्येक वेळा ठिय्या दिला. वाघाला जागा मिळाली, त्या जागेची किंमत ज्यांनी चुकती केली त्यांची नावे कोणत्याच फलकावर नाहीत. रोटरी आपल्या सभासदाला चार कसोट्या घालून देते. त्यांतील एक अशी की, हे सर्व संबंधितांना न्याय्य आहे काय? चांदोलीच्या विस्थापितांच्या वसाहतीत उभे राहून हा प्रश्न विचारणारा क्लब निघाला, तर त्याचे सर्वांआधी अभिनंदन या पक्षाने करावे.

मग सुखवस्तू वर्गाने समाजाचे देणे द्यावे तरी कसे? याचे उत्तर सांगली जिल्ह्यातच सापडते. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम देण्याच्या त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६५ साली त्याच तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आली आणि डाव्या, समाजवादी पक्षांचे मोर्चे निघाले, तेव्हा त्या कल्पनेला बळ चढले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम न दिल्यास बेकारभत्ता मागण्याचा अधिकार मजुराला मिळाला. आणि पैसा कोठून आला? १९७५ च्या कायद्याने डॉक्टर, वकील, व्यापारी, पगारदार यांच्यावर व्यवसाय कर बसविला गेला आणि त्यातून जमणाऱ्या रकमेइतकीच भर राज्य सरकारने घालावी, असे ठरले. क्लबांची सभासदसूची पाहावी: करदात्यांचा वर्ग हाच. फरक इतकाच की वर्गणी देणाऱ्याला व्यासपीठावर हार मिळतो, कर भरणाऱ्याला मिळत नाही. उलट वर्गणीवर चालणाऱ्या कामावरच्या मजुराला हात जोडावे लागतात, कराच्या पैशावरील कामाचा मजूर तहसीलदाराला जाब विचारू शकतो. केंद्राने २००५ साली देशभरासाठी रोजगाराचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

तेव्हा कार्यकर्त्याने क्लबाला झिडकारूही नये आणि त्याच्या फलकाखाली नुसते उभेही राहू नये. ही १७ उद्दिष्टे नऊ विषयांत गुंफून ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालण्याचे धोरण केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने स्वीकारले आहे, आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो. क्लबाला गावात काम करायचे असेल तर ते ग्रामसभेत चर्चेला यावे. तेथे गरज कोणती हे गाव ठरवील. सभासदांकडून देणगीपेक्षा त्यांचे ज्ञान मागावे. सभासदाने आपल्या व्यवसायाद्वारे सेवा करावी, हे रोटरीचे मूळ तत्त्वच आहे. सिंचन योजनेची अंदाजपत्रके शेतकऱ्याला समजावून सांगणारा अभियंता, पंचायतीचा जमाखर्च तपासणारा हिशेबनीस, विस्थापिताचा अर्ज लिहून देणारा वकील यांची तालुक्याला फार गरज आहे.

डॉक्टरांचीही आहे. नागपंचमी आली की शिराळ्याच्या नागाची बातमी सगळीकडे होते. भाताच्या खाचरात साप चावलेल्या बाईला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष मिळाले की नाही, याची बातमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांत केला, आणि सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा भारत सरकारने २०२४ साली जाहीर केला. क्लबातील एखाद्या डॉक्टरने पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला केंद्रातील साठ्याची माहिती घ्यावी, ती ग्रामसभेच्या फळ्यावर लिहावी, आणि साठा संपला असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात पक्षाच्या कार्यकर्त्याबरोबर स्वतःही जावे.