आधी खडे काढावेत

बी.ए.च्या वर्गात बसणाऱ्या मुलीने संगणकाच्या सुट्या भागांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. “हे सायन्सवाल्यांचे काम,” असे माझ्या मैत्रिणींनी मला ऐकवलेही. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, यंत्र जोडणे हे कारागिराचे काम असेल. ते निवडणे मात्र वापरणाऱ्यांचेच काम आहे.

त्याचे झाले असे. तुरीचे पैसे आले तेव्हा बाबांनी चाळीस हजार रुपये बाजूला काढले. धाकट्या भावाला गेम खेळायचे होते. आजीला कीर्तने आणि जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचे होते. मला अभ्यासासाठी संगणक हवा होता. बैठकीत टी.व्ही. होताच, त्यालाच जोडता येईल असा एक संगणक घ्यावा, असे ठरले.

मानोऱ्याहून एस.टी.ने आम्ही एका शहरातील दुकानात गेलो. दुकानदाराने काचेच्या पेटीतले, आत रंगीत दिवे लुकलुकणारे तयार यंत्र पुढे केले. आत भले मोठे ग्राफिक्स कार्ड होते. “यात एस.एम.पी.एस. कोणता?” असे मी विचारले. तो माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाला, “काका, चालते सगळे.” बियाणे, खत, फवारणीचे औषध – बाबा आयुष्यभर असेच घेत आले, दुकानदार देईल ते. त्या दिवशी मात्र ते बाहेर आले आणि म्हणाले, “पोरी, तू शिकली तं तूच पाय. मले पावती वाचता येते, डब्यातलं नाही येत.” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्या वाक्याचे ओझे मला परीक्षेपेक्षा जड वाटले.

घरी आजी सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. तिला सारे सांगितले. ती म्हणाली, “आंधी खडे काढ, मंग दाने मोज.” आपल्या भाषेत ‘निवडणे’ या एका शब्दाचे दोन अर्थ का आहेत, ते मला तेव्हा उमगले. वही घेऊन मी घरातल्या प्रत्येकाला काय हवे ते विचारले. आईला विचारायचे कुणाच्या मनातच आले नव्हते. ती म्हणाली, “मले काही पाहाचं नाही. मी नऊ वाजता बैठकीतच झोपतो अन् चार वाजता उठतो. ते घरघर करू नये, बस.”

मित्रहो, यादी इथून सुरू झाली. पहिला खडा वीजपुरवठ्याचा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एस.एम.पी.एस. १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून प्रत्येक भागाला पुरवतो. आपल्याकडे वादळी पावसात वीज कशी खेळते, ते सांगायला नको. हा डबा हलका निघाला तर जळताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो. दिव्यांचा खर्च कापून तो पैसा मी इथे घातला.

दुसरा खडा ग्राफिक्स कार्डाचा. २०२१ मध्ये आलेल्या रायझन ५ ५६००जी या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग आतच असतो. हलक्या आणि जुन्या खेळांना व चित्रपटांना तो पुरतो. नवे अवजड खेळ त्यावर नीट चालत नाहीत, हे मी भावाला आधीच सांगितले. फोर-के पडद्यावर फुल एच.डी.च्या चौपट बिंदू असतात. तेवढे ओझे या बैलाच्या मानेवर देऊ नये. पुढेमागे कार्ड लावायला मदरबोर्डवर जागा आहे. तो दोन दिवस रुसला.

रॅम १६ जी.बी.ची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. ते रॅममधूनच उसने घेते, आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दोन वाटा मिळतात. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एस.एस.डी. घेतली, तिला आवाजच नाही. पंखा मोठा घेतला, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो. पेटी काचेची नव्हे, जाळीची. हे शेवटचे तीन भाग आईच्या झोपेसाठी आहेत.

यंत्राचे भाग निवडण्याची विद्या आपल्या मातीला परकी नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. १९८० च्या दशकात अमेरिकेने हवा तितका शक्तिशाली महासंगणक द्यायला नकार दिला होता. तेव्हा या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या लहान चिप्स शेजारी-शेजारी जोडून काम भागवले. कोणता भाग कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या बैठकीतल्या डब्याची त्याच्याशी तुलना नाही. पण प्रश्न तोच आहे.

माझीही चूक झाली. पेटीचे माप न घेता ती मागवली, टी.व्ही.च्या कपाटात ती मावली नाही, म्हणून स्टुलावर ठेवली आहे. भाऊ अजून कार्डासाठी कुरकुरतो. पण रात्री तो खेळत असताना आई शेजारी शांत झोपलेली असते.

महागडे यंत्र वाईट असते, असे मला म्हणायचे नाही. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. माझा आक्षेप आहे तो न विचारता घेण्याला, आणि ‘तुला काय कळते’ या वाक्यापुढे गप्प बसण्याला. कलाशाखेने आपल्याला दुसरे काही दिले नसेल, तरी वाचायला आणि विचारायला शिकवले आहे.

त्यानंतर खरिपाचे बियाणे घ्यायला बाबा गेले, तेव्हा मी सोबत होते. पैसे देण्याआधी त्यांनी पिशवी उलटी केली आणि दुकानात उभे राहून, एकेक अक्षर जुळवीत, उगवणशक्तीचा आकडा वाचला.