ढोलकी कुणाच्या हातात?

गेल्या ८ मार्चला चोपडा तालुक्यातल्या एका गावात आमच्या कलापथकाचा कार्यक्रम होता. नऊ बाया तयार, गाणी पाठ, पारापाशी गर्दीही जमलेली. ढोलकीवाले भाऊ मात्र आले नाहीत. त्यांना ऐनवेळी लग्नाची सुपारी मिळाली होती. आम्ही टाळ्यांवर आणि एका स्टीलच्या थाळीवर गाणी म्हटली. कार्यक्रम पडला. परतताना टेम्पोत एक मावशी म्हणाल्या, "ताई, दारूचं गाणं आपलं, पण ताल त्याचा. तो नाही आला तर आपण मुक्या."

मला ते लागलं. कारण पथकाच्या खर्चाचा तक्ता दर वर्षी मीच करते. त्यात 'वादक मानधन' असा वेगळा रकाना असतो आणि गाणाऱ्या बायांना फक्त प्रवासखर्च. हे चुकीचं आहे असं मला कधी वाटलंच नाही!

आपल्या खानदेशात बाईच्या तोंडी गाणं भरपूर आहे. जात्यावरच्या ओव्या आहेत, श्रावणातल्या कानबाईची गाणी आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई तर साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या. पण वाद्य? वहीगायनाचा डफ पुरुषांकडे. साक्रीकडच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी फुंकतो तोही पुरुषच. बाया हातात हात गुंफून नाचतात. मुलींच्या हाती येतात त्या भुलाबाईच्या टिपऱ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, जेमतेम महिनाभर. लग्न झालं की त्याही सुटतात.

'बायांना ताल जमत नाही' हे मी आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकलं आहे. जी बाई मुसळाचा ठेका चुकू देत नाही, तिला ताल जमत नाही? फिलिपीन्सच्या दक्षिणेला, मिंदानाओ बेटावर, कुलिंतांग नावाचं वाद्य आहे. लहान घंटांची एक ओळ मांडून ती दोन काठ्यांनी वाजवतात. मागिंदानाओ समाजात ते परंपरेनं बायांचं वाद्य मानलं जातं आणि टांगलेल्या मोठ्या घंटा पुरुषांकडे असतात. म्हणजे मुख्य सुरावट बाईची, साथ पुरुषाची. तिथंही वाटणी आहेच, पण आपल्यापेक्षा उलटी. तेव्हा हा निसर्गाचा नियम वगैरे काही नाही.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या आहेत. पाळीत चामड्याला हात लावायचा नाही, हा विटाळ अजून आहे. वादकाला रात्री-बेरात्री परगावी जावं लागतं आणि बाईच्या रात्रीच्या प्रवासाचा हिशेब सारं गाव ठेवतं. पण सर्वांत अवघड गोष्ट मला आमच्याच बैठकीत कळली. मी उत्साहानं म्हटलं, "आपण सगळ्याजणी हलगी शिकू." मातंग वस्तीतली एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "माझ्या आजानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वराती वाजवल्या. वरात दारात गेली की तो बाहेर उभा. बापानं हलगी खुंटीला टांगली ती कायमची. तुमच्यासाठी हलगी हौस आहे, ताई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वाजवणं ज्यांच्यावर जातीनं लादलं गेलं आणि ज्यांना बाई म्हणून नाकारलं गेलं, त्या दोघींचा प्रश्न एकच आहे असं भाषणात म्हणणं सोपं. ती मैत्रीण तर दोन्हीकडून अडलेली आहे. हलगी घ्यायची की नाही हे तिनंच ठरवावं.

पण तक्ता मला बदलता येतो. यंदा मानधन सर्वांना सारखं धरलं आहे, त्यामुळे ढोलकीवाले भाऊ नाराज आहेत. शिवाय पथकाच्या मालकीची एक ढोलकी घेतली. संघटनांच्या शिबिरांत भाषणांचा एक तास कमी करून तो वाद्य शिकायला द्यावा, असं माझं म्हणणं आहे. 'आधी मारहाणीच्या केसेस, मग ढोलकी' असं काहीजणी म्हणतील. केसेस चालूच राहणार, मैत्रिणींनो. पण ज्या गावात केस आहे तिथं बायांना जमवतो ते गाण्यानंच ना?

आमच्याकडे सध्या दोघी शिकताहेत. टेम्पोतल्या मावशी त्यांतल्या एक. वय साठीच्या पुढे. घरी ढोलकी नेली तर सून हसते म्हणून ती ऑफिसात ठेवतात आणि बाजाराच्या दिवशी तासभर लवकर येतात. डाव्या हाताची थाप अजून बसत नाही.