अल्पबचतदार, बडे धनको आणि सरकारी खजिना

अल्पबचतीच्या मनुष्यास भांडवलबाजाराचे दार खुले व्हावे, या उदात्त हेतूने १९६४ साली आरंभिलेल्या युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेत युनिटाची किंमत पदरच्या समभागांच्या बाजारमूल्यावरून न ठरता चालकांच्या मर्जीने ठरत असे. आणि किंमत व बाजारमूल्य यांतली तफावत असह्य होऊन जुलै २००१ मध्ये विक्री व परतखरेदी सहा महिन्यांकरिता तहकूब झाली, तेव्हा पेन्शनीत निघालेल्या कारकुनाच्या ट्रंकेतली युनिटांची प्रमाणपत्रे एका दिवसात निश्चल झाली. पुढे सरकारने हमी पत्करली : पाच हजार युनिटांपर्यंत मे २००३ मध्ये किमान १२ रुपये, त्यावरील युनिटांस १० रुपये.

ज्या संस्थेवर सरकारी छत्र आहे असा समज सरकारनेच वाढू दिला, तिच्यातील लहान बचतदारास तारणे हे करदात्यावर अन्यायाचे असले तरी न्याय्य ऋणफेडीसारखे होते, असे मी मानतो. परंतु पाच हजारांवरील मातबरांना, ज्यांच्या पदरी हिशेबनीस होते, अभय कशासाठी? बंदीपूर्वीच्या एप्रिल-मे महिन्यांतच बड्या कंपन्यांनी हजारो कोटी काढून घेतले होते. त्यांना वेळीच उमगलेली जोखीम मागे राहिलेल्यांच्या आणि अखेर खजिन्याच्या माथी आली, आणि या खजिन्यात तर काड्यापेटीवर कर भरणाऱ्या, युनिट कधी न पाहिलेल्या शेतमजुराचाही वाटा होता.

ट्रस्टच्या विभाजनानंतर सरकारकडे आलेले आयटीसी, ॲक्सिस बँक आदींचे समभाग पुढे भरघोस वधारले, हे हमीचे समर्थक अगत्याने सांगतात. मात्र हमी दिली तेव्हा ही तेजी कोणाच्याही हिशेबात नव्हती, आणि मंदी लांबली असती तर तुटीचे बिल करदात्याच्याच नावे फाटणार होते.