आणे, रुपये आणि गणकयंत्र

अडीचशें आण्यांचे रुपये किती, हें १९५७ पूर्वीं शाळेंत गेलेल्या कोणत्याहि गृहस्थास विचारावें. तो सोळांनीं भागून पंधरा रुपये दहा आणे असें तत्काळ सांगेल. आपण दशमान संख्या षोडशमानांत उतरविली, हें मात्र त्याच्या गांवींहि नसेल. हाच हिशेब १९९९ सालीं निघालेल्या टीआय-८३ प्लस या कॅल्क्युलेटरकडून असेंब्ली भाषेंत करवून घ्यावा, असें आमच्या मनांत आलें.

असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या एकेका आज्ञेस एकेक नांव देऊन लिहिलेली भाषा. या यंत्राच्या पोटांत झेड-८० हा प्रोसेसर आहे. त्यास बेरीज येते, वजाबाकी येते. पण भागाकाराची आज्ञाच त्याच्यापाशीं नाहीं! तेव्हां २५० मधून १६ पुनःपुन्हां वजा करावे. पंधरा वेळां वजा होऊन १० उरतात, ते आणे. आतां त्या १५ चें तेंच करावें. एकदांहि वजाबाकी होत नाहीं, १५ उरतात, ते रुपये. सोळांपुरती याहून जलद युक्ति आहे, ती म्हणजे द्विमान अंक चार घरें उजवीकडे सरकविणें. परंतु आम्हांस दोनपासून सोळापर्यंत कोणत्याहि पायास चालेल अशी रीत हवी होती.

येथें पहिली अडचण येते. आणे आधीं हातीं लागतात, रुपये मागाहून. लिहितांना मात्र रुपये आधीं. षोडशमानांत १० ते १५ यांस ए ते एफ अशीं अक्षरें योजितात, म्हणून २५० म्हणजे 'एफए'. बाक्या निघतील तशा उमटविल्या तर 'एएफ' दिसेल, आणि ते होतात १७५. यासाठीं प्रत्येक बाकी स्टॅकवर ठेवितात. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटीं ठेविलेलें ताट पहिल्यानें निघतें, आणि क्रम आपोआप सुलट होतो.

आतां आमची फजिती. पडद्यावर अंक उमटविण्यासाठीं त्याचा सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो. शून्याचा ४८, नवाचा ५७. म्हणून प्रत्येक बाकींत ४८ मिळवावे, असें आम्हीं ठरविलें. २५ दिले, १९ आले. १०० दिले, ६४ आले. एक रुपया नऊ आणे, सहा रुपये चार आणे, सारें बिनचूक! आम्ही संतुष्ट होऊन यंत्र मिटणार, तोंच २५० देऊन पाहिले. पडद्यावर प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढें एकाखालीं एक दोन टिंबें. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस तो विसर्गच वाटला असता. कारण असें कीं, 'ए'चा क्रमांक ५८ नसून ६५ आहे. नऊ आणि 'ए' यांच्यामध्यें सात चिन्हें बसलीं आहेत. बाकी नवाहून अधिक असेल तर आणखी सात मिळविण्याची आज्ञा घातली, तेव्हां 'एफए' उमटलें. आम्हीं निवडलेल्या दोन्ही संख्यांत नवावरचा अंकच नव्हता, म्हणून चूक लपून राहिली होती.

ज्यांस हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनीं २५० बरोबर शून्यहि देऊन पाहावें. संख्या संपली कीं थांबावें, ही अट भागाकाराच्या आधींच तपासली, तर शून्य दिल्यावर पडदा कोराच राहतो. अट नेहमीं भागाकारानंतर घालावी.